गळालेलं नाव

आमच्या ह्यांनी स्कूटरच्या किल्लीने डावा कान कोरला, पडद्याला भोक पडलं आणि त्यातून ह्यांचं नाव गळून गेलं.

मी 'अहो' म्हणते, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. शेजारच्या कुमुदताईंच्या हळदीकुंकवाला उखाणा घ्यायला उभी राहिले, चांदीच्या वाटीपर्यंत छान आले आणि पुढे काहीच नव्हतं. बायका वाट पाहत राहिल्या. घरी येऊन पाहिलं तर दारावरच्या पाटीवर 'निकम' तेवढं उरलेलं.

कानाचे डॉक्टर घैसास यांनी दुर्बिणीतून पाहिलं. "तीन मार्ग आहेत. काहीच करायचं नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही; भोक आपोआप भरतं. नाहीतर वरून पातळ कागदाचं ठिगळ. अगदीच मोठं असलं तर कानामागचा पापुद्रा काढून शस्त्रक्रिया."

"आणि नाव?"

"नाव आधी घालावं लागेल. तान्ह्याचा पडदा कोवळा असतो, नाव झिरपतं. पन्नाशीत भोकातूनच जाणार, आणि ह्यांचं भोक भरत आलंय. आज घाला, लगेच ठिगळ लावतो. उद्या मी काही करू शकणार नाही."

"मीच घालते की," मी म्हटलं.

"तुम्ही कोण? आत्या लागते," डॉक्टर म्हणाले.

ह्यांची सिंधुआत्या कोपरगावला. वय ब्याऐंशी. फोन करताच म्हणाली, "घुगऱ्या शिजत घाल, मी निघाले." घुगऱ्यांचा डबा घेऊन दिवसभर मी दवाखान्याच्या पायरीवरून आत-बाहेर करत होते. बिननावाच्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे काय, हाच विचार चालला होता. दवाखाना बंद व्हायच्या बेताला आत्या उतरली, आणि मला रडूच फुटलं.

ह्यांना खुर्चीत बसवलं. आत्या वाकली, "कुर्र" म्हणाली आणि कानात कुजबुजली. मी आणि नर्सबाईंनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. डॉक्टरांनी ठिगळ बसवलं आणि घुगऱ्यांची वाटी हातात घेतली.

"मदन," आत्याने जाहीर केलं.

"आधी हेच होतं?" मी विचारलं.

"छे गं. तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगितलं ते मुकाट्याने म्हटलं. आज कुणी विचारलंच नाही, मग माझ्या मनातलं घातलं."

"बसलं का बघू," डॉक्टर म्हणाले. "बाई, डाव्या बाजूने हाक मारा. 'अहो' चालणार नाही."

सव्वीस वर्षांत मी असं काही केलं नव्हतं. "मदन," मी म्हटलं.

"ओ," हे म्हणाले, आणि चक्क लाजले.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: कान कोरडा ठेवणे, नाक जोरात न शिंकरणे, नावाने हाक दिवसातून तीनदा, जेवणानंतर. घरी पोचेपर्यंत रिक्षातच मी त्या दिवसाचा सगळा डोस संपवला, आणि दर वेळी त्यांनी ओ दिली.