राजविलासातला रुसवा

न्हाणीघराची कडी दगूबाईने वर ओढली, खाली दाबली, तिला एक शिवी दिली, मग लाडीगोडीनेही बोलून पाहिलं. कडी हलली नाही. दुपारी मुलाचं लग्न, बँडवाले फाटकाशी पिपाण्या फुंकून बघत होते, आणि नवऱ्या मुलाची आई ओल्या केसांनी आत कोंडलेली!

एक हाक मारली असती तर सारं वऱ्हाड धावलं असतं. पण हाक मारायची कोणत्या तोंडाने? हे हॉटेल तिनेच तर मागून घेतलं होतं.

तळोद्याचं हॉटेल राजविलास म्हणजे साहेबलोकांच्या काळातला बंगला. लहानपणी दगूबाई बापाच्या बैलगाडीतून तळोद्याच्या बाजाराला यायची, तेव्हा या फाटकाशी उभं राहून आतलं झुंबर बघायची. फेटेवाला पहारेकरी म्हणायचा, "चल, बाहेरून बघ." ते बाहेरून बघणं तिच्या मनात रुतून बसलं होतं. पुढे ती शहाद्याकडच्या पाटलांच्या घरात पडली, केळीचे मळे आले, घरावर मजला चढला, पण राजविलासात पाय ठेवायचा राहिला तो राहिलाच.

मग मुलाचं, ललितचं जमलं ते नेमकं तळोद्याच्या मगनआप्पांच्या स्वप्नालीशी. साखरपुड्यात दगूबाई भर मांडवात उभी राहिली आणि म्हणाली, "माले लुगडं नको, मानपान नको. मी लगीनमा रुसनार बी नही. फक्त मन्हं वऱ्हाड राजविलासमा उतराले पाहिजे."

मुलीची आई कमलीबाई नवऱ्याकडे बघत राहिली. मगनआप्पांनी उगाच टोपी सारखी केली. दोघांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण दगूबाईपुढे ओठांवरचं ओठांवरच ठेवायची साऱ्या नात्याला सवय होती.

न रुसण्याचा शब्द मात्र तिने मोठेपणासाठी दिला नव्हता. मुलाच्या आईने लग्नात एकदा रुसायचं आणि मुलीकडच्यांनी तिला मनवायचं, ही तिकडची रीतच. दगूबाईच्या लग्नात तिची सासू चहात आलं नाही म्हणून रुसली होती. दगूबाईच्या बापाने टोपी काढून तिच्या पायांवर ठेवली, तेव्हा कुठे ती उठली. दगूबाईने ते मुंडावळ्यांच्या आडून पाहिलं होतं. चहात आलं नाही, तर बापाची टोपी खाली! तेव्हाच तिने ठरवलं होतं, आपण या वाटेला जायचं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी वऱ्हाड राजविलासात उतरलं. मॅनेजर फत्तेसिंग पितळी बटणांचा कोट घालून स्वागताला उभा होता. कोटावर पितळी बटण एकच उरलं होतं, बाकी शर्टाची. झुंबरात कबुतरांनी संसार मांडला होता. भिंतीवर मेलेल्या वाघाचं तोंड होतं, त्याचे दात उंदरांनी नेलेले.

"वहिनी, पंखा नुसता आवाज करस, वारा काही येत नही," नणंद बेबीबाईने सुरुवात केली.

"जुना मानूस शे तो. हळूहळू फिरी."

"वहिनी, नळले लाल पानी उनं!"

"पानी उनं ना? मंग?" पाणी आलं, एवढंच दगूबाईला पुरेसं होतं.

मग दगूबाईचे यजमान रूपचंदभाऊ नक्षीच्या पलंगावर आडवे झाले, पलंगाचा एक पाय निखळला आणि ते पायथ्याकडून सुळकन जमिनीवर आले. बेबीबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "वहिनी, ह्या पलंगवर राजा झोपे का घसरगुंडी खेये?"

"तुन्हा भाऊच जड व्हई ग्या, पलंग काय करी?" दगूबाईने तिला गप्प केलं. पण एरवी दुसऱ्याच्या वरणातल्या मिठाला ते चुलीवर असतानाच नावं ठेवणाऱ्या बाईला हॉटेलाची बाजू घेऊन घेऊन धाप लागली होती. आणि सकाळी ही कडी!

"वहिनी, चाल ना व!" दाराबाहेरून बेबीबाईची हाक आली. "रुखवत दखाले जानं शे."

"तू जाय. येस मी."

थोड्या वेळाने पुन्हा थाप पडली. "वहिनी, काय व्हयनं?"

दगूबाई तेव्हा दोन्ही हातांनी कडीला लोंबकळत होती. दात आवळून ती ओरडली, "काही व्हयनं नही! तू मन्हाशी बोलू नको!"

मग बेबीबाईचा आनंद व्हरांड्यातून धावत गेला. "रुसनी! मन्ही वहिनी रुसनी!" साखरपुड्यातल्या त्या शब्दाने बिचारीची सारी हौस मेली होती. रुसव्याशिवाय लग्न ते काय लग्न?

बातमी मांडवात पोहोचली आणि कमलीबाई हातातला हळदीकुंकवाचा करंडा घेऊनच धावत आली.

"याहीनबाई, काय चुकनं व आमनं?"

"तुमनं काहीच चुकनं नही, कमलीबाई."

"असंच म्हनतस," बेबीबाई कुजबुजली. "भलतीच रुसेल शे."

"हाई पैठणी दखा ना, येवल्यानी शे," कमलीबाईने मांडवातून मागवलेली पैठणी दाराशी धरली.

"माले काही नको!"

"दखा, काही नको म्हनस," बेबीबाईने खुलासा केला. "याना अर्थ लुगडावर भागत नही."

दगूबाईने कपाळावर हात मारला. आतून जे बोलावं ते रुसलेल्या विहिणीचंच बोलणं होत होतं. "मी रागावले नही" म्हटलं, तर बाहेर कमलीबाईने गळ्यातली पोत काढली. "तुम्ही आपल्या कामले लागा" म्हटलं, तर कमलीबाई रडायलाच लागली. ललित मुंडावळ्यांसकट तसाच आला आणि दाराला तोंड लावून म्हणाला, "माय, तू ते सांगेल व्हतं ना, रुसनार नही म्हनीसन!"

ते मात्र तिच्या काळजात गेलं. खरं सांगावं तर राजविलासाची लाज जाते, आणि न सांगावं तर तिच्या शब्दाची. तिने कडीवर आणखी एक गुद्दा मारला. कडी तशीच, हात मात्र सुजला.

दाराच्या फळ्यांत एक फट होती. तिने डोळा लावला. समोर मगनआप्पा उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि ते दाराशी वाकले. टोपी उंबऱ्यावर टेकली.

दगूबाईला आपल्या बापाचं उघडं डोकं दिसलं. तसंच, मध्ये केस विरळ झालेलं.

"आप्पा!" ती अशी किंचाळली की झुंबरातली कबुतरं उडाली. "टोपी उचला पहिले! मी रुसनी नही! कडी अडकी गयी शे! मी कोंडाई गयी शे!"

बाहेर सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"निमित्त करी ऱ्हायनी," बेबीबाई म्हणाली.

फत्तेसिंगने कोटाचं एकुलतं बटण लावलं. "अशक्य, बाईसाहेब. राजविलासची कडी अडकत नाही. विलायतेहून आलेली आहे. साहेबलोक वापरायचे."

"मंग तुन्हा साहेबले बलाव आनि उघाड म्हन!"

ही भाषा अस्सल दगूबाईची होती. लेकाने ती ओळखली, मुंडावळ्या मागे टाकल्या आणि दाराला खांदा लावला. कडी जागची हलली नाही. पण बिजागरीकडचं सारं लाकूड वाळवीने केव्हाच खाल्लं होतं, ते भुसभुशीत होऊन खाली आलं आणि दार कडीला धरून उलट्या बाजूने उघडलं. अख्ख्या राजविलासात धड अशी ती एकटी कडीच होती.

दगूबाई बाहेर आली. केसांत वाळवीची माती, तळहात गंजाने लाल, उजवा हात सुजलेला. तिने ते दोन्ही हात साऱ्यांपुढे धरले.

"म्हनजे तुम्ही खरंच रुसन्यात नही?" कमलीबाईने डोळे पुसत विचारलं.

"नही व माय!"

सगळ्या व्हरांड्याने एकदमच श्वास सोडला. दगूबाईने उंबऱ्यावरची टोपी उचलली, फुंकली, पदराने पुसली आणि मगनआप्पांच्या हातात दिली. पोत कमलीबाईच्या गळ्यात परत घातली. पैठणीही तिच्याच खांद्यावर टाकली. "नेसा तुम्हीच. तुमनी पोरनं लगीन शे, रडकं तोंड घीसन फिरू नका."

"मंग हॉटेलच भंगार शे, असं म्हना ना," बेबीबाईने संधी साधली.

सगळे दगूबाईच्या तोंडाकडे बघू लागले. तिने एकदा झुंबराकडे पाहिलं, एकदा दात नसलेल्या वाघाकडे. मग पदर खोचला आणि आपल्या ट्रंकेवर फतकल मारून बसली.

"आते रुसनी मी."

कमलीबाईच्या हातून करंडाच पडला.

"खरी रुसनी," दगूबाई म्हणाली. "जोपावत मन्हं वऱ्हाड आठून दुसरीकडे हालत नही, तोपावत मी ऊठनार नही. रुसवा काढाना व्हई ते काढा."

मगनआप्पांनी खोकून घसा साफ केला. "समाजना हॉलमा गाद्या कालदिनच टाकी ठेयेल शेतस, याहीनबाई. कूलर बी चालू शे. आंघोयनं पानी तापी ऱ्हायनं."

"कालदिनच? म्हनजे तुमले माहीत व्हतं?"

"सारा तळोदाले माहीत शे," कमलीबाई हळूच म्हणाली. "पन तुमले सांगी कोन?"

नको असलेला रुसवा दिवसभर साऱ्यांनी काढला असता, आणि हवा होता तो असा झटक्यात निघाला! दगूबाईला हसू फुटलं. ती हसली तसं सगळं वऱ्हाडच हसत सुटलं, रूपचंदभाऊ तर कंबर धरून.

निघताना फत्तेसिंगने फाटक उघडून धरलं. "पुन्हा या, बाईसाहेब."

"येसू ना," दगूबाई जीपमध्ये चढत म्हणाली. "बाहेरतीन दखाले."

समाजाच्या हॉलात सारं लख्ख होतं. नळाला पाणी, तेही नितळ. मुहूर्ताला अजून अवकाश होता, आणि केसांतली माती तर धुवायलाच हवी. दगूबाई न्हाणीघरात शिरली, नवी कोरी कडी तिने नुसती बघितली, हात लावला नाही. दार लोटून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बेबीबाईला बसवलं.

"आठेच बस. आनि कोनी इचारं ते सांगजो," आतून आवाज आला, "वहिनी रुसनी नही, आंग धोई ऱ्हायनी."