ढोकेकाकूंचे कच्चे टाके

ढोकेकाकू जिन्यात भेटल्या की आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. तुमच्या शर्टाचं नाहीतर कुर्त्याचं टोक हातात घ्यायच्या, उलटं करायच्या, आतली शिवण नीट न्याहाळायच्या आणि मग विचारायच्या, "काय वं, बरी हायेस ना?" शिवण धड असेल तर माणूसही धड असणार, असा त्यांचा ठाम समज होता. हा प्रकार त्या शाळकरी पोरांशी करत, गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याशी करत, आणि एकदा त्यांनी आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचीही कॉलर उलटवून पाहिली.

"साहेब, कॉलर झिजली. काढून उलटी लावा, अजून दोन वर्सं जाते."

"आपली परवानगी असेल तर आधी घरी जाऊन जेवतो," अध्यक्ष म्हणाले. "मग कॉलरीचं बघू."

काकूंना पुणेरी टोमणा कधीच लागला नाही. त्या मूळच्या अकोल्याकडच्या. नवऱ्याला खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी लागली म्हणून आल्या, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. विश्रांतवाडीच्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि त्या तिसऱ्या. इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्यात पुण्याचा एक शब्द शिरला नव्हता, उलट आमच्या आईच्याच तोंडी "हो"च्या जागी "हाव" यायला लागलं होतं.

काकूंनी दुकानातून नवा कपडा घेतलेला कुणी पाहिला नव्हता. दर रविवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन त्या जुन्या बाजारात जायच्या. आपण बोहारणीला पातेल्यावर कपडे देतो आणि विसरून जातो. ते कपडे पुढे कुठे जातात, तर तिथे जातात. नळाच्या तोट्या, मोडकी घड्याळं, लोखंडी खुर्च्या यांच्या पलीकडे ताडपत्रीवर कपड्यांचे ढीग पडलेले असत. परदेशातून गठ्ठ्यांनी आलेले कोट आणि स्वेटरही त्यातच. काकू ढिगात हात घालून एक कपडा ओढायच्या, उलटा करायच्या, आणि रंगबिंग बघण्याआधी त्याची काख हुंगायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा हे पाहून चार पावलं मागे सरकले होते.

"ह्याचा मालक लई घामट होता. भाव कमी कर," त्या विक्रेत्याला सांगायच्या. किंवा, "ही बाई रडकी होती बाप्पा. पदराचं टोक पाह्य, सारखं डोये पुसून विरलं." विक्रेते त्यांना पाहिलं की आपसात हसायचे, पण चांगला माल बाजूला काढूनही ठेवायचे.

घरी आणलेला कपडा आधी गरम पाण्यात, मग उन्हात, आणि मग काकूंच्या शिलाई मशीनखाली. कुणाच्या साडीचा काठ कुणाच्या कुर्त्याला लागे. पुरुषाच्या चौकड्याच्या शर्टाचा मुलीचा फ्रॉक होई आणि उरलेल्या बाह्यांचे खिसे. आमच्या इमारतीतली निम्मी माणसं भलत्याच कुणाच्या तरी कपड्यांत फिरत होती आणि झकास दिसत होती.

फक्त एक खोड होती. काकू कपडा पूर्ण करून कधीच द्यायच्या नाहीत. महत्त्वाची शिवण हाताने, पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके घालून ठेवायच्या. "घालून पाह्य दोन दिवस. अंगाले बसला की ये, पक्का करून देतो." मग आपण जायचं, त्या चहा करणार, पोह्याचा चिवडा काढणार, एक शिवण पक्की करणार आणि म्हणणार, "दुसरी उद्या." एका ब्लाउजसाठी माझी आई त्यांच्याकडे आठवडाभर जात होती. "त्या मशीनचं चाक फिरतं, पण काकूंचं मन फिरत नाही," असं ती वैतागून म्हणायची.

तो काळ कॉम्प्युटरचा होता. प्रत्येक दुसऱ्या इमारतीवर क्लासची पाटी, आणि प्रत्येक घरात कुणाचा तरी कुणीतरी अमेरिकेला निघालेला. बाबांनी फंडातून पैसे काढून मला कोर्सला घातलं होतं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि भावाचं कॉलेज अजून सुरूही व्हायचं होतं. दोन कंपन्यांनी मला आधीच नकार दिला होता. तिसरीचं बोलावणं आलं तेव्हा घरात कुणी मोठ्याने आनंद केला नाही, उगाच दृष्ट लागायला नको म्हणून. त्यात लिहिलं होतं, फॉर्मल्स घालून यावे.

"फॉर्मल म्हणजे नक्की काय नेसायचं, हे लिहायला काय झालं होतं त्यांना?" बाबा म्हणाले.

"माझी निळी साडी आहे की," आई म्हणाली.

मैत्रिणींकडून कळलं की पँट आणि कोट लागतो. दुकानात काचेआड असलेल्या कोटाची किंमत मी बाहेरूनच वाचली आणि तशीच घरी येऊन तिसरा मजला चढले.

रविवारी काकूंनी ढिगातून पुरुषाचा एक गर्द निळा कोट ओढून काढला. उलटा केला. हुंगला.

"चांगला माणूस होता. कमी बोले."

"हे वासावरून कळतं?"

"कॉलर पाह्य ना. मान हालवलीच नाही त्यानं कधी."

घरी आल्यावर त्यांनी त्या बिचाऱ्या अबोल माणसाचे खांदे उसवले, आत घेतले, कमरेत चिमटे काढले, बाह्या सोडवून नव्याने बसवल्या. शेवटच्या मापाला मी आरशासमोर उभी राहिले. आरशात जी मुलगी दिसली तिला मी स्वतः नोकरी दिली असती. पण खांद्यावर ते ओळखीचे पांढरे टाके दिसले.

"काकू, या वेळी पक्की शिवण हवी हं. परवा मुलाखत आहे. तुमच्या पाया पडते."

"हाव बाप्पा, पक्की. पाया पडू नको, चहा पी."

मुलाखतीच्या सकाळी कोट दाराच्या कडीला लटकलेला होता, इस्त्री करून, घडी न मोडता. एकही पांढरा दोरा दिसत नव्हता. काकू जिन्यापर्यंत सोडायला आल्या. जाताना म्हणाल्या, "अवं मंजे, हात खाली ठेवून बोलजो. हात लई वर करू नको." मला वाटलं, सभ्यपणे बोल असं सांगतायत.

बसला गर्दी होती. येरवड्याच्या वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, मी वरचा दांडा पकडला, आणि उजव्या खांद्यापाशी हळूच 'टर्र' झालं. पंख्यासारखा गार वारा आत शिरला. मान वळवून पाहिलं. शिवण बोटभर उघडली होती आणि फटीतून एक निळा दोरा लोंबत होता. म्हणजे काकूंनी फक्त दोऱ्याचा रंग बदलला होता. टाके कच्चेच होते.

मला तिथेच खाली उतरून रडावंसं वाटलं. शेजारच्या सीटवर धानोरीकडची एक बाई बसली होती, हातभर बांगड्या, मांडीवर भाजीची पाटी. तिने माझ्या खांद्याकडे पाहिलं.

"कच्चं शिवलंय की गं बाई. कोनी शिवलं हाय?"

"शेजारच्या काकूंनी."

"लई गुनाची हाय की तुजी काकू," ती म्हणाली. मग बांगडीतली सेफ्टी पिन काढून तिने भर बसमध्ये माझा खांदा टोचला. पिन जेमतेम धरून राहिली. डाव्या खांद्याचं काय चाललं होतं, हे बघायचं धाडस मला झालं नाही.

कल्याणीनगरकडे काचेची इमारत होती. आत इतका गारठा की दात वाजावेत. टेबलापलीकडे टाय लावलेले एक गृहस्थ आणि आखूड केसांच्या एक बाई. मी कोपर बरगड्यांना चिकटवून बसले. प्रश्नांची उत्तरं येत होती, पण माझं सगळं लक्ष खांद्यात. थोडं पुढे झुकले की पिन टोचायची, मागे टेकले की दोरा करकरायचा. निदान बसूनच निभावेल, अशी आशा मला वाटायला लागली होती.

"जरा उठून फळ्यावर फ्लोचार्ट काढून दाखवा," टायवाले म्हणाले. "कर्मचाऱ्याचा पगार कसा काढाल?"

फळ्याची वरची कड माझ्या डोक्याच्याही वर होती.

मी उठले. कोपर तसंच बरगड्यांना दाबून, फक्त मनगट हलवत, फळ्याच्या अगदी खालच्या कडेला एक चौकोन काढला. मग त्याच्या जरा वर दुसरा. टायवाले खुर्चीतून वाकून बघायला लागले.

"तुम्ही शेवटापासून का सुरुवात करताय?"

"आधी हातात काय पडायला हवं ते ठरवते, सर. मग मागे जाते," मी म्हणाले. तोंडाला येईल ते बोलले होते, पण बाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी टिपलं.

फळ्याचा खालचा अर्धा भाग भरला. आता वर जाण्यावाचून इलाज नव्हता. एकेक चौकोन वर सरकत होता आणि एकेक टाका सुटताना मला कळत होता. घाम फुटला, त्या गारठ्यात. शेवटचा गोल डोक्याच्या वर. त्यात 'स्टार्ट' लिहायचं. बाबांचा फंड, भावाचं कॉलेज, आईची निळी साडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मी हात वर केला.

पिन उडून टेबलावर पडली. उजवी बाही खांद्यावरून सुटली आणि मी दचकून हात खाली घेताच सरळ कोपरापर्यंत घरंगळली.

मला काय झालं कोण जाणे, पण लाज वाटायची संपली. कोट काढला, उलटा केला, सुटलेली बाही आत घालून घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग पांढऱ्या शर्टात उभी राहून, हात पुरेल तितका वर करून 'स्टार्ट' लिहिलं आणि सगळा फ्लोचार्ट वरून खाली समजावून सांगितला. बाईंनी पिन उचलून माझ्यासमोर ठेवली. "जाताना घेऊन जा," एवढंच म्हणाल्या.

दुपारी बाहेर नावं वाचली गेली. त्यात माझं होतं. पुढच्या महिन्यात बंगळूरला हजर व्हायचं होतं.

आईला सांगितलं, देवापुढे साखर ठेवली, आणि कोट घेऊन दणादणा तिसरा मजला चढले.

"काकू, नोकरी लागली! आणि हे काय केलंत तुम्ही? भर मुलाखतीत बाही हातात आली माझ्या! पक्की म्हणाला होतात ना? वरून निळा दोरा घातलात, मला कळू नये म्हणून!"

काकूंनी कोट घेतला, उलटा केला, सुटलेली शिवण बोटाने चाचपली. त्यांचा चेहरा पडला.

"बसली होती पक्की माराले. दोनदा बसली. मनच होईना."

"का पण?"

"पक्की मारली असती तर तू परत आली असती काय?"

काकू कोटाकडेच बघत बोलत राहिल्या.

"प्रशांतले असाच कोट करून देल्ला होता. डबल शिवण मारली, कुठं उसवाले नको म्हणून."

प्रशांतदादा हा काकूंचा एकुलता एक मुलगा. आत्तापर्यंत त्याचं नाव आलं नाही, कारण काकूच ते कधी घेत नसत. तो कॉम्प्युटरच्या कामाला अमेरिकेला गेला तेव्हा मी शाळेत होते. दिवाळीला त्याचा फोन येतो, एवढंच आम्हाला माहीत होतं. तो गेल्यापासून आलेला मात्र कुणी पाहिला नव्हता.

"लई मजबूत झाली रे बाप्पा ती शिवण," काकू म्हणाल्या. "उसवली असती, तर आला असता."

राग कुठल्या कुठे गेला. या बाईने अख्ख्या इमारतीला एकेका टाक्याने तिसऱ्या मजल्यावर ओढून धरलं होतं आणि आम्ही त्याला खोड म्हणत होतो. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी मशीनशेजारच्या स्टुलावर बसले.

"काकू, पक्की शिवण घाला. मी तशीही येईन."

"सारे असंच म्हनतात."

"बंगळूरहून सुट्टीला आले की आधी इथे येईन, मग घरी. बघाच तुम्ही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. खरं बोलतेय की नाही, हे माझी कॉलर उलटी करून तपासतील की काय, असं मला वाटलं. मग त्यांनी मशीनमध्ये निळा दोरा ओवला. उजवी बाही खांद्याला लावून, चाक सावकाश फिरवत, एकावर एक दोनदा शिवण मारली. ओढून बघितली. दोरा दाताने तोडला. मग कोट फिरवून डावी बाही सुईखाली घेतली आणि तिथे त्यांचा हात थांबला.

"आता दिसत नाही बाप्पा," त्या चष्मा काढत म्हणाल्या. "ही उद्या करू."

खिडकीतून लख्ख ऊन मशीनवर पडलं होतं. सुईचं भोकही मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

"बरं काकू," मी म्हणाले. "उद्या येते."