मनगटातलं सातवं हाड

आमचे अण्णाकाका कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याचं मनगट धरत, अंगठ्याने दोन-तीन ठिकाणी चाचपत आणि मग म्हणत, "बस." नवख्याला वाटे, नाडी बघताहेत. छे! "नाडीचं काय, आज आहे उद्या नाही. हाड टिकतं." मेडिकल कॉलेजात त्यांनी उभा जन्म शरीररचनाशास्त्र शिकवलं, आणि उरलेला वेळ आम्हा नातेवाइकांवर काढला.

माझ्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी माझ्या भावी सासऱ्यांचं मनगट धरलं ते सोडेचनात. सासरे घामाघूम. शेवटी काका म्हणाले, "लहानपणी उंचावरून पडलात. घरी सांगितलं नाहीत. वाकडं जुळलंय." सासऱ्यांच्या आई शेजारीच बसल्या होत्या. त्या कडाडल्या, "म्हणजे ती पेरूची फांदी तूच मोडलीस!" लग्न जमलं, पण सासरे अजूनही आमच्या घरच्या कुणाला हात देताना जपूनच देतात.

मी लहानपणी काडीपैलवान. त्यामुळे काकांचा लाडका. दिवाळीच्या फराळाला सगळे जमले की माझा सदरा वर करून ते बरगड्यांवर खडूने आकडे घालत. "पुस्तकातसुद्धा इतकं स्वच्छ दिसत नाही!" आयुष्यात माझं असं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही. अलीकडे मात्र माझ्या पोटाकडे बघून ते हळहळत. "एवढं चांगलं मॉडेल, पार बुजवून टाकलंस रे."

गंगापूर रोडच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या सुमनबाईंनाही सुटका नव्हती. "उजवा खांदा उतरलाय तुमचा," काका पिशवी उघडायच्या आत सांगत. "लय दुखतो, डाक्टर, खरं हाय. पर आधी मेथी घ्या, मंग हाडं बघा." काका मेथी घेत. मेथी घरात कुणालाच आवडत नसे.

त्यांची मुलगी मृणाल बंगळूरला नोकरीला गेली, तेव्हापासून निरोपाचा एक विधीच होऊन बसला. ती निघाली की काका फाटकाशी तिचं मनगट धरत आणि त्यातली आठ हाडं एकेक दाबून मोजत. "स्कॅफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड..." आणि सातव्याशी अडत. "विसरलो बघ. पुन्हा पहिल्यापासून." बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय, मृणाल "बाबा, फ्लाइट!" म्हणतेय, आणि काका पुन्हा स्कॅफॉइडवर.

ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या डॉक्टरांकडून ही नावं घोकून घेतली, ते एक हाड विसरतात? मी काळजीने काकूंना गाठलं. त्या मटार सोलत होत्या. म्हटलं, "काकू, काकांना विस्मरण होतंय. कुणाला तरी दाखवून घ्या."

काकूंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "लहानपणी तुला नुसत्या बरगड्याच होत्या. आता त्याही गेल्या."

टोमणा कळायला मला दोन दिवस लागले.

काकांची एकच इच्छा होती : मेल्यावर देह कॉलेजला द्यायचा. काकूंचा ठाम नकार. "अख्खा देश अस्थी घेऊन नाशकात येतो, आणि आपण गंगा-गोदावरीच्या काठी राहून तुम्हाला टेबलावर ठेवायचं?" पण हे वरवरचं कारण. खरं त्या एकदा माझ्याजवळ बोलल्या. "कोवळी पोरं असतात रे. थट्टा करतील. कसाही हात ओढतील, कसाही टाकतील." काका मात्र कधी हट्टाला पेटले नाहीत. "तू हो म्हणालीस तर कॉलेज. नाही तर गंगा. माझी दोन्हीकडे ओळख आहे."

काकू शेवटपर्यंत हो म्हणाल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात दुपारच्या झोपेतच काका गेले. मृणाल पोचली. सगळे काकूंच्या तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "कॉलेजात कळवा. पण मी सोबत येणार. तिथली रीत बघणार. नाही पटली तर ह्यांना परत आणणार." परत आणायचं म्हणजे कसं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

कॉलेजात विभागप्रमुख नसरीन दाराशीच उभी होती. येवल्याची, काकांची जुनी विद्यार्थिनी. तिच्यामागे पहिल्या वर्षाची मुलं-मुली, पांढऱ्या कोटात, पायांत चपला नाहीत. "सरांनीच लावलेली सवय आहे, काकू," नसरीन म्हणाली. "ते म्हणायचे, आपल्याला शिकवायला कुणीतरी आडवं झालंय, आपण निदान जोडे काढावेत."

ट्रॉली आत घेतली, तशा काकूही आत आल्या. ट्रॉलीची कड त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. मुलं खोळंबली. मग त्यांनी चादरीखालून काकांचा हात बाहेर घेतला, मनगटावर अंगठा ठेवला आणि हलकेच दाबत सुरुवात केली. "स्कॅफॉइड. लुनेट." आम्ही चकित. ह्या बाईने जन्मभर स्वयंपाकघरातून ऐकलं होतं सगळं. "ट्रॅपेझियम. ट्रॅपेझॉइड..." आणि त्या थांबल्या.

"विसरले," काकू म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून."

मृणालने माझा दंड धरला. काकूंनी पुन्हा मोजलं. पुन्हा सातव्याशी थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून.

त्या खोलीत सातव्या हाडाचं नाव माहीत नसलेला मी एकटाच होतो. ती सगळी कोवळी पोरं नाव ओठांवर धरून, माना खाली घालून उभी होती. एकानेही सांगितलं नाही. कुणी घड्याळ पाहिलं नाही. नसरीन डोळे पुसत होती, पण तिनेही नाही.

काकूंनी मान वर करून त्या पोरांकडे एकदा नीट पाहिलं. एकेकाच्या चेहऱ्याकडे. मग पुन्हा मनगटाकडे वळल्या.

"कॅपिटेट," त्या म्हणाल्या. "हॅमेट."

आणि हात चादरीखाली ठेवून त्यांनी ट्रॉलीची कड सोडली.