गिरणीच्या घळीतला झरा

ऑगस्टातल्या एका शनिवारी, नीट उजाडायच्या आधी, लाइल हॉगनने एक छोटासा निर्णय घेतला. जिथं जायचं तिथं ट्रक लावायचा नाही, भलतीकडेच लावायचा. आयुष्यात घेतलेल्या सगळ्या निर्णयांत हा सर्वांत हुशारीचा, असं त्याचं मत होतं. (त्याआधीचा हुशारीचा निर्णय म्हणजे गराजमधला फ्रीझर. त्याच्याकडे येऊच.)

जायचं होतं टकल्या डोंगरावर. उन्हाळा सरता सरता माणसाने डोंगर धुंडाळायचे, दुर्बिणीला डोळे लावून बसायचं, कुठल्या झाडाची साल शिंगांनी सोलली आहे, कुठल्या चिखलात नर लोळून गेला आहे, लेंड्या ताज्या की शिळ्या, सगळं हेरून ठेवायचं आणि ऑक्टोबरअखेर बंदुकीचा हंगाम उघडला की त्याच जागी जाऊन उभं राहायचं, ही अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली रीत. एल्क म्हणजे सांबराचा थोरला चुलतभाऊ. एक मिळाला की घराची वर्षभराची मटणाची काळजी मिटते. दुसरी रीत अशी, की हेरलेली जागा कोणाला म्हणजे कोणाला सांगायची नाही. विलो फोर्क गावातला माणूस तुम्हाला आपली मूळव्याध सांगेल, बायकोशी कशावरून वाजलं तेही सांगेल. एल्कची जागा विचारली की मात्र आभाळाकडे बघत म्हणेल, "यंदा काही खरं नाही."

लाइल हा गावातल्या पेंडीच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा माणूस. दिवसभर अख्खा तालुका त्याच्यासमोरून जायचा आणि पेंडीबरोबर थोडी माहितीही उचलायला बघायचा. त्यात त्याचा मेहुणा ड्वेन. हा ड्वेन स्वतः कधी डोंगर धुंडाळत नसे. दाजींचा ट्रक कुठं उभा आहे ते बघायचं, मागोमाग जायचं आणि दाजी धापा टाकत वर पोचेपर्यंत तिथला एल्क पाडून मोकळं व्हायचं, ही त्याची पद्धत. गेल्या वर्षी तर त्याने पाडलेला एल्क खाली आणायला लाइललाच हात लावावा लागला होता.

आता फ्रीझर. लाइलने तो चार वर्षांपूर्वी मोठ्या दिमाखात आणला. आत एक आडवा माणूस सहज मावेल एवढा. चार वर्षांत त्यात मटारच्या दोन पिशव्या, नॅडीनने रानातून गोळा केलेली हकलबेरीची फळं आणि भरपूर गार हवा, एवढंच साठलं होतं. नॅडीन म्हणजे त्याची बायको. जुलैत तिने गराजमध्ये उभं राहून, आवाज न चढवता सांगितलं होतं,

"लाइल, यंदा हा भरला नाही ना, तर हा जाणार. इथं माझं गोधडीचं यंत्र येणार."

"यंदा भरणारच."

"मटारनं भरलेला चालणार नाही."

तेव्हा प्रश्न नुसत्या फ्रीझरचा नव्हता. तो गराजमधून बाहेर निघालेला सगळ्या गल्लीने पाहिला असता, आणि तो उचलायला ड्वेनच आला असता.

म्हणून लाइलने ट्रक गिरणीच्या घळीत लावला. बंद पडलेली लाकूडगिरणी, भुशाचा काळा पडलेला ढीग, पलीकडे रस्ता. तिथं एल्क असतील असं शेंबडं पोरही म्हणालं नसतं. तिथून दोन टेकाडं ओलांडून तो टकल्यावर पोचला तेव्हा गुडघे त्याच्याशी बोलेनासे झाले होते. पण वर, झाडीच्या काठाला, त्याला जे दिसलं त्याने तो गुडघेच विसरला. लोळणीचा ताजा चिखल, सोललेली झाडं, आणि दुर्बिणीत समोरच्या उतारावर शांतपणे चरणारा अख्खा कळप.

रात्री जेवताना नॅडीनने बटाटे वाढत विचारलं, "सापडली का जागा?"

खरं तर इथं त्याने खरं बोलायला हरकत नव्हती. पण नॅडीन ड्वेनची सख्खी बहीण, आणि रविवारी चर्चनंतर ड्वेन याच टेबलावर जेवायला असे.

"सापडली. गिरणीच्या घळीत," लाइल म्हणाला.

"गिरणीच्या? तिथं काय आहे?"

झालं. खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं. लाइलने तिथल्या तिथं एक झरा काढला. भुशाच्या ढिगामागून वर जायचं, लार्चची दोन वाकलेली झाडं लागतात, तिथून आत वळलं की सपाटी, तिथं झरा, गुडघाभर गवत, आणि पाणी असं नितळ की प्यायला वाकलेल्या एल्कला स्वतःची शिंगं दिसावीत. बोलता बोलता त्याला स्वतःलाच तो झरा आवडायला लागला.

नॅडीनचा घास हातातच राहिला. "मला नेशील एकदा?"

"नेईन की."

"लग्न झाल्यापासून नेईन म्हणतोयस."

"यंदा नक्की," लाइल म्हणाला आणि त्याने बटाटे मागून घेतले.

मग सगळा सप्टेंबर आणि ऑक्टोबरही हेच चाललं. शनिवार आला की ट्रक गिरणीला, लाइल टकल्यावर. दुकानात कोणी विचारलं की तो खुशाल सांगायचा, "गिरणीच्या घळीत," आणि गिऱ्हाईक हसत हसत पेंड उचलायचं. नॅडीननेही शनिवारी गोधडीमंडळाला जायला सुरुवात केली होती. संध्याकाळी ती गाल लाल करून, केसांत काडीकचरा घेऊन घरी यायची. बायका गोधडीवरून एवढ्या भांडतात याचं लाइलला नवल वाटायचं, पण त्याने काही विचारलं नाही. (विचारलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.)

हंगाम उघडला त्या दिवशी बर्फाचा पातळ थर पडला होता. कोणी एल्क समजून गोळी घालू नये म्हणून शिकारी घालतात ती शेंदरी टोपी, शेंदरी जाकीट, खांद्याला रायफल अशा थाटात लाइल अंधारातच दोन टेकाडं चढला आणि उजाडताना आपल्या गुप्त जागेवर पोचला. तिथं एका ओंडक्यावर शेंदरी टोपी घालून ड्वेन बसला होता.

"या दाजी," तो म्हणाला. "उशीर केलात."

"तू... तुला कसं कळलं?"

"तुमचा ट्रक गिरणीला दिसला. म्हटलं, दाजी गिरणीला म्हणतायत म्हणजे गिरणीला नक्की नसणार. मग काय, तुमच्या बुटांचे ठसे धरून मागच्याच आठवड्यात वर येऊन बघून गेलो."

"आणि हे?" लाइलने पलीकडे बोट दाखवलं. तिथं आणखी एक शेंदरी टोपी होती. तिच्या पलीकडे दोन. खाली झाडीत खोकल्याचा आवाज आला, त्याअर्थी तिथंही होती.

"ठसे काय मला एकट्यालाच दिसतात होय?"

नऊ वाजेपर्यंत टकल्यावर जत्रा भरली होती. कोणी कॉफी ओतत होतं, कोणी सुनेची तक्रार करत होतं. पेंडीच्या दुकानातलं निम्मं गिऱ्हाईक तिथं हजर होतं, आणि जो तो लाइलला म्हणत होता, जागा मात्र झकास शोधलीत. समोरच्या उतारावर कळपाचे ठसे होते, जाणारे. चारचौघांत बसायला एल्क काही खुळे नव्हते. दोन महिने गुडघे झिजवून हेरलेली जागा अशी गावजेवणात गेलेली पाहून लाइलला रडूच यायचं बाकी राहिलं. गराजमधून निघणारा फ्रीझर आणि त्याची पुढची बाजू धरलेला ड्वेन त्याला स्पष्ट दिसायला लागला. दुपारी तो मुकाट्याने खाली उतरला.

गिरणीपाशी त्याच्या ट्रकशेजारी नॅडीनची छोटी गाडी उभी होती. नॅडीन गाडीला टेकून थर्मासमधली कॉफी पीत होती. डोक्यावर शेंदरी टोपी, कोपरापर्यंत रक्त.

"नॅडीन! लागलं का काय?"

"मला नाही. एल्कला लागलं," ती म्हणाली. "तुझ्या झऱ्यावर मिळाला."

नॅडीन रँचवर, गुरांच्या मळ्यावर, वाढलेली. बाप असताना दर हिवाळ्यात एक जनावर ती एकटी सोलायची. शिकारीचा परवाना ती अजूनही दरवर्षी काढायची, हे लाइलला माहीत होतं. पण ती तो नुसता सवयीने काढत असेल, असं त्याने धरलं होतं.

"माझ्या... झऱ्यावर," लाइल म्हणाला.

"सोलून, तुकडे करून, पिशव्यांत घालून झाडाला टांगलाय. दोन पुढचे पाय मी खाली आणले. मांड्या जड आहेत, त्या तू आण. ऊन चढतंय, मांस तापायला नको." मग ती म्हणाली, "तू दिसला नाहीस तिथं."

"मी जरा वरच्या बाजूला होतो."

"असशील. हो पुढं, मी थर्मास बांधून आलेच. वाट तुझीच आहे."

लाइल निघाला. भुशाच्या ढिगापर्यंत सगळं ठीक होतं, तो त्याने निदान पाहिलेला तरी होता. पुढे मात्र पंचाईत झाली. आपण त्या रात्री काय सांगितलं होतं ते तो आठवायला लागला. दोन वाकलेले लार्च. डावीकडे की उजवीकडे? उजवीकडे वळून तो एका काटेरी जाळीत शिरला. डावीकडे वळून गिरणीच्या मागच्या दाराशी निघाला. इथं लार्च भरपूर होते आणि माणसाला खोटं पाडायचं ठरवल्यासारखे सगळे सरळ उभे होते. बायकोला हाक मारावी तर काय म्हणून? "अगं, माझा झरा कुठं आहे?" वर एल्कचं मांस तापत होतं, खाली लाइल. स्वतःच्याच थापेत वाट चुकलेला माणूस त्या तालुक्याने तोवर पाहिला नव्हता.

शेवटी घामाघूम होऊन तो एका दगडावर बसणार, एवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

"लाइल, तिसऱ्यांदा चाललायस इथून."

त्याने वर पाहिलं. दोन लार्च एकमेकांकडे वाकलेले होते. त्यांच्यामध्ये सपाटी होती, बर्फातून डोकं काढलेलं गुडघाभर गवत होतं, आणि दगडांतून पाणी वाहत होतं. झाडाला पिशव्या टांगल्या होत्या. खाली ओंडक्यावर नॅडीन बसली होती.

लाइल झऱ्याकडे बघतच राहिला. "हा खरंच आहे?" तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

"बस," नॅडीनने जागा करून दिली. "टकल्यावर माती लाल, इथं काळी. दोन महिने तुझ्या पँटी लाल मातीनं भरून येतायत. धुतं कोण त्या?"

"मग तुला माहीत होतं?"

"पहिल्याच शनिवारी. पण तू त्या झऱ्याचं इतकं सुंदर सांगितलंस, मला वाटलं, असलाच तर? तू काही मला नेणार नाहीस, मग आपणच जाऊन बघावं. तीन शनिवार फिरले तेव्हा सापडला. भोवती लेंड्याच लेंड्या. कोणी येत नाही म्हणून सगळा कळप रात्री इथं पाण्याला. आज तुम्ही वर जत्रा भरवलीत, तर दिवसाही आला."

"आणि गोधडीमंडळ?"

"जागा कोणाला सांगायची नसते ना? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते तुझ्यावरून." मग तिने थर्मासचं झाकण पुढे केलं. "घे. गार झाली असेल. तुझ्याबरोबर इथं बसून प्यायची होती, म्हणून ठेवली होती."

लाइलला एकाच वेळी लाज वाटली, भूक लागली आणि या बाईवरून जीव ओवाळून टाकावासा वाटला. तो गार कॉफी प्याला आणि म्हणाला, "फार चांगली जागा आहे, नॅडीन." हे मात्र तो अगदी मनापासून म्हणाला.

फ्रीझर काठोकाठ भरला. गेलं ते लाइलचं दुर्बिणी-नकाशे ठेवायचं टेबल. त्या जागी गोधडीचं यंत्र आलं. "तुला आता त्याचं काय काम?" असं नॅडीनने विचारलं आणि लाइलने टेबलाचं एक टोक उचललं.

सोमवारी दुकानात ड्वेन काउंटरवर रेलला. "ताईला कुठं मिळाला हो, दाजी?"

नॅडीनने बजावलं होतं, कोणी विचारलं तर खरं तेच सांग. लाइलने सांगितलं, "गिरणीच्या घळीत."

ड्वेन डोळा मारून हसला. मागच्या रांगेतले दोघेही हसले. दुसऱ्या दिवशी उजाडताना टकल्यावर हंगामाच्या पहिल्या दिवसापेक्षाही जास्त शेंदरी टोप्या होत्या.

"बघ," नॅडीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बीण लावून म्हणाली. दुर्बीण लाइलचीच होती. "पुढच्या वर्षी परवान्याचे पैसे तू वाचव. नुसता ट्रक गिरणीला लावायचा आणि चालत टकल्यावर जाऊन बसायचं. बूट जरा जड घाल, ठसे नीट उमटायला हवेत."