आधी तारीख टाक

विजू कढीपत्त्याच्या पुडीवरही तारीख लिहितो. लोणच्याची बरणी, गॅसचा सिलिंडर, काही सुटत नाही. एकदा मी त्याला आंब्याची पेटी दिली, तर त्याने पेटीवर आधी माझं नाव आणि तारीख घातली, मग आभार मानले. आमच्या करी रोडच्या चाळीत त्याला कोणी वेडा म्हणत नाही, कारण निम्म्या चाळीची पोरं त्याच्याकडे नोकरीला आहेत.

डिजिटल मीडिया उद्योजक, असं त्याच्या कार्डावर छापलंय. सुरुवात मात्र जिन्याखालच्या फळ्यावर झाली. पाणी कधी येणार, कोण वारलं, हे विजू खडूने लिहायचा. फळ्यावरून तो मोबाइलवर गेला, तिथून वेबसाइटवर, आणि आता ज्या गिरणीत त्याचे वडील साचे चालवायचे, तिच्या जागेवरच्या टॉवरमध्ये त्याचं ऑफिस आहे. बँकेतून रिटायर झालेल्या मला त्याने शुद्धलेखन तपासायला ठेवलं. मी ऱ्हस्व-दीर्घ बघतो, तो तारीख बघतो. "तारीख घातलंस?" हे मालवणी आता ऑफिसातल्या गुजराती मुलीलाही कळतं.

त्याच्या पेजवर सगळ्यात जास्त चालतात त्या श्रद्धांजल्या. जिवंतपणी माणसाला कोणी लाइक करत नाही, असं तो म्हणतो. शेजारी बिल्डरांच्या जाहिराती लागतात, त्यावर आमचे पगार होतात. रक्ताची आवाहनं मात्र फुकट. परळच्या हॉस्पिटलांत गावाहून आलेल्या माणसांना इथे ओळखीचं कुत्रं नसतं. विजू स्वतः पेशंटच्या खाटेपर्यंत जाऊन खात्री करतो, तारीख टाकतो, आणि रक्त मिळालं की 'गरज भागली' असं लिहितो. एक मंडळ त्याचा सत्कार करायला आलं, तर शाल बाजूला ठेवून त्याने सगळ्यांना रक्तदानाला चला म्हटलं. अध्यक्षांना बीपी निघालं, बाकीच्यांना घाई होती.

या माणसाकडे एक जुना, बटणांचा, रबर लावून सांधलेला फोन आहे. तो वाजला की मीटिंग थांबते आणि विजू पॅसेजमध्ये जातो. भानगड असणार, असं आम्ही म्हणायचो. मीही म्हणायचो, आणि आता त्याची लाज वाटते.

मागच्या महिन्यात विजू खाली चहाला गेला आणि तो फोन टेबलावर राहिला. वाजला म्हणून मी उचलला. माहीमहून एक माणूस बोलत होता.

"शैला नावाच्या पेशंटला आज रक्त हवंय ना? मेसेज आत्ताच आला. मी निघतोय."

शैला म्हणजे विजूची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली. मी तसं सांगून टाकलं. माणूस ओशाळला, सॉरी म्हणाला आणि फोन ठेवला.

विजूला हे कळलं तेव्हा तो रागावला नाही. मग त्याने सांगितलं की तो मेसेज त्याने हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहिला होता. आज तातडीने रक्त हवं, आणि खाली हा नंबर. घाईत तारीख राहिली. तिसऱ्या दिवशी शैला गेली. मेसेज अजून फिरतोय.

मी म्हटलं, आपल्या पेजवर खुलासा टाकू, आठवड्यात सगळं थांबेल.

"नको रे," विजू म्हणाला. "कोणाला तरी अजून वाटतंय ना, ती अ‍ॅडमिट आहे म्हणून. मीच कसं सांगू त्यांना, येऊ नका?"

मग त्याने माहीमवाल्याला फोन लावला. पेशंट आहे, या, एवढंच बोलला. एरवीही तो असंच बोलावतो, आणि माणूस हॉस्पिटलच्या दारात भेटला की त्याला खरं काय ते सांगतो. आजवर कोणी परत गेलेलं नाही. त्या दिवशीचं रक्त साताऱ्याहून आलेल्या एका बाईला लागलं.

आता हॉस्पिटलात जाताना तो फोन विजू माझ्याकडे ठेवतो. परवा वाजला. दादरहून कोणी तरुण मुलगी होती. मेसेज वाचला म्हणाली. मग विचारलं, शैलाताई कशा आहेत?

मी कागद पुढे ओढला.

"वाट बघतायत," मी म्हणालो. "या तुम्ही."

तिचं नाव कागदावर लिहिलं, आणि कोणी न विचारता वर तारीख टाकली.