एका रक्ताची माणसं

औषधाने माणूस आजारी पडत नाही. पडलाच, तर तो मुळात नीट नव्हता. हे आमच्या जिल्ह्याच्या वैद्यकीय समितीचं मत आहे, आणि मी चौथीत शाळा सोडलेली बाई, मी त्यावर काय बोलणार?

सिर दर्या नदीच्या कालव्याकाठच्या आमच्या गावाला औषधाची ददात कधी पडली नाही. बाकीची गावं एका गोळीसाठी रांगा लावायची, आमच्याकडे विमानातून यायचं. कापूस वेचायच्या आधी पानं गळावीत म्हणून विमान घिरट्या घाली. पानं गळत, मग चिमण्या, मग आमचे केस. (केस परत आले. चिमण्यांचं विचारू नका.) आता प्रगती झाली आहे. विमान गेलं आणि माणसं पाठीवर पंप घेऊन फिरतात. माझा मुलगा सेइतकाली जन्मभर फिरला. औषधाचे रिकामे डबे फुकट मिळतात, झाकण घट्ट बसतं, आम्ही त्यात काकड्या खारवतो. अळी म्हणून पडत नाही.

गावात दर तीन कर्त्या पुरुषांमागे चौघांचे हात थरथरतात. (चौथा पाहुणा आलेला असतो.) आमच्यात पाहुण्याला चहा अर्धा पेला द्यायचा, तो त्याचा मान. काठोकाठ भरून दिला म्हणजे "उठा आता". आमच्या गावाइतका पाहुण्यांचा मान कुठेच राहत नाही, कारण अर्ध्याच्या वर पेल्यात काही टिकतच नाही.

तर माझी नात बालझान कालव्यापलीकडच्या शुख्रातला द्यायची ठरली. आम्ही कझाक, ते उझबेक, पण मुलगा सरळ. त्याचा बाप तुर्सुनबाय माझ्या सेइतकालीच्या जोडीने फवारणी करणारा. विहिणीने येऊन मुलीच्या कानात डूल घातले, म्हणजे बोलणं पक्कं झालं.

तेवढ्यात दोघे बाप आपले थरथरते हात घेऊन पेन्शन मागायला समितीपुढे गेले. समितीने विचारलं, वडिलांचे हात थरथरायचे का? दोघेही म्हणाले, हो. काकांचे? त्यांचेही. (वडील आणि काका काय काम करायचे, हे विचारायची पद्धत नाही.) समितीने लिहिलं: रोग आनुवंशिक, औषधाचा संबंध नाही. आता रोग रक्तातून येतो आणि दोघांचा रोग एकच, म्हणजे दोघांचं रक्तही एकच. तसा दाखला दिला, वर शिक्का मारला.

आमच्यात सात पिढ्यांच्या आत सोयरीक होत नाही. नवऱ्याचे सातही पूर्वज मला तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवून विचारा. त्यांत एकही उझबेक नाही. पण दीर म्हणाले, "वहिनी, पूर्वजांकडे शिक्का होता का?" लग्न मोडलं.

बालझानने डूल काढून माझ्या मांडीवर ठेवले. म्हणाली, "आज्जी, मी आता त्याला दादा म्हणू?"

मी तुर्सुनबायला पुढे घातलं आणि थेट समिती गाठली.

"डॉक्टर, हा माझा व्याही की माझ्या घरचा, एकदा सांगून टाका. ह्याला कुठल्या गालिच्यावर बसवू तेच कळेना झालंय."

अध्यक्ष ओराजबेक हसले. "आजी, हे विज्ञान आहे."

"असू दे. थरथर औषधाने आली असं लिहा, रक्त आपोआप वेगळं होईल."

"औषधाने कशी येईल? औषध आहे ते!"

तुर्सुनबाय माझी बाही ओढत म्हणाला, "चला विहीणबाई. घरचा तर घरचा. आहेराचा घोडा तरी वाचला."

"तू गप. घोडा मी सोडत नाही."

इतक्यात चहा आला. अध्यक्षांनी पेला उचलला आणि अर्धा चहा टेबलावर सांडला. अध्यक्ष आमच्याच कालव्यावर वाढलेले. त्यांचा बाप शेतात उभा राहून विमानाला झेंडी दाखवायचा.

"अरे बाळा," मी म्हणाले, "तूही आमच्याच रक्ताचा की! आणि तुझी बायको तर आमच्या गावची, तिचा बाप चमचा धरू शकत नव्हता. मग आज घरी गेल्यावर तिला काय म्हणशील? ताई?"

अध्यक्षांनी दोन्ही दाखले परत मागवले. नवा दाखला असा: रक्त वेगळं. औषध निर्दोष. थरथरीचं कारण, लग्नाचा आनंद.

लग्न थाटात झालं. सेइतकालीने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. आशीर्वाद संपला तरी तिच्या मुकुटाची चांदीची नाणी वाजतच राहिली. सगळे म्हणाले, बापाला केवढा आनंद! तो आनंद अजून ओसरलेला नाही. सदऱ्याची बटणं मीच लावते. आनंदाला पेन्शन नसते आणि गोळीही नसते.

तुम्ही म्हणाल, कुठलं कोण हे गाव. खरंय. पण तुमच्याकडे भाजीवर जे मारतात, त्याला तुम्हीही औषधच म्हणता ना? मग कधी चहा घेताना हातातली कपबशी आपोआप वाजायला लागली, तर घाबरून जाऊ नका. घरात कुणाचं लग्न आहे का, तेवढं बघा.