निपाणीला न येणाऱ्या इंगावहिनी

आमच्या शेजारच्या इंगावहिनी निपाणीला येत नाहीत. लग्न असो, बारसं असो, गाडी कागलच्या पुढं जाणार म्हटलं की त्या पायातल्या चपला काढून घरात बसतात. "कर्नाटक हाय ते. देशाबाहेर गेलतो असं कुणी लिवलं तर?" कर्नाटक भारतातच आहे, हे मी त्यांना नकाशा काढून दाखवलं. "मला ठाऊक हाय, सर. सायबाला ठाऊक हाय का?"

वहिनी मूळच्या जर्मनीच्या. आमच्या पेठेतल्या सर्जेरावांशी लग्न करून आल्या. पुढं सर्जेराव गेले, तरी म्हाताऱ्या सासूला सोडून वहिनी माहेरी गेल्या नाहीत. आता त्यांना इथलं नागरिक व्हायचंय. का, तर "एकांद्या साली व्हिसा न्हाय मिळाला, तर आत्तीला भाकरी कोण करून घालंल?" आत्ती म्हणजे सासू.

नियम सगळे पाठ. अकरा वर्षं राहायला हवं, ते झालं. भाषेचा दाखला हवा, चांगल्या वर्तणुकीबद्दल शपथेवर सांगणारी माणसं हवीत, आणि अर्जाआधी सबंध एक वर्ष देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. दाखला मी शाळामास्तर म्हणून डोळे झाकून दिला. जिनं मंडईतल्या भाजीवालीला गप्प केलंय, तिची परीक्षा मी काय घेणार? वर्तणुकीचं मात्र वहिनींनी अतीच केलं. भर दुपारी रिकाम्या चौकात लाल दिवा लागला की ही पायी चालणारी बाई एकटी थांबते. रिक्षावाले काळजीनं विचारतात, "मावशी, बरं वाटंना व्हय?"

वर्ष सरत आलं आणि तिकडून फोन आला, आईचं जास्त झालंय. अर्जाचं काम बघणारे वकील म्हणाले, खास कारणाला सूट मिळते, पण खात्री देता येत नाही. नाहीतर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर अर्जाचा निकाल कधी लागेल, ते तर कुणीच सांगत नाही. वहिनींनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. शेवटी आत्तींनीच कपाटावरची बॅग काढली. "वरीस परत येतंय. आई परत येत न्हाय. ऊठ."

वहिनी गेल्या. पंधरवड्यानं रिक्षातून उतरल्या तेव्हा मी दारातच होतो.

"भेट झाली?"

"झाली की. हात धरून बोलली. मग गेली."

त्या त्यांच्या पायरीवरच टेकल्या. वकिलांचं नाव नाही, वर्षाची चौकशी नाही.

"सर, तिकडच्या घराला कुलूप घालून आलो. इकडचं तर अजून कायबी ठरलं न्हाय," म्हणाल्या आणि हुंदका आवरेना तसा पदर तोंडाला लावला.

आतून आत्तींचा खणखणीत आवाज आला, "इंगे, पावण्यावानी दारात काय बसलीयास? गॅसवर दूध उतू चाललंय, माझं गुडघं धरल्यात. बघ जा."

वहिनी बॅग तिथंच टाकून आत धावल्या. बॅग मी उचलून आत नेऊन ठेवली.